शेतीच्या लाइनची वेळ आणि स्वस्त विजेची वेळ

रब्बीत हरभऱ्याला ओलीत करणाऱ्या माणसाला शेतीच्या लाइनचे वेळापत्रक तोंडपाठ असते. रात्रपाळी आली की कडाक्याच्या थंडीतही वावरात जावेच लागते. यातूनच विदर्भातल्या गावांत असा समज पक्का झाला आहे की रात्री वीज मोकळी असते आणि म्हणून स्वस्तही पडते. घरी मोठा गिझर किंवा गरम पाण्याचा टब बसवणारेही मग तो रात्री चालवतात. घरगुती बिलापुरते पाहिले तर हा हिशेब आता उलटा आहे.

शेतीच्या फीडरचे, म्हणजे पंपांना वीज पोचवणाऱ्या लाइनचे, वेळापत्रक पंपाला वीज कधी मिळेल एवढेच सांगते. सगळे पंप एकदम सुरू झाले तर यंत्रणेवर ताण येतो, म्हणून फीडर आळीपाळीने दिवसा आणि रात्री चालवले जातात. त्या वेळेचा दराशी संबंध नाही. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल तर एप्रिल 2024 पासून राज्य सरकारच भरते, त्यामुळे तिथे स्वस्त-महाग वेळेचा प्रश्नच उरत नाही. वेळेनुसार दर ठरवण्याचा जो नियम केंद्राने 2023 मध्ये केला, त्यातूनही शेती स्पष्टपणे वगळलेली आहे.

घरगुती जोडणीची गोष्ट वेगळी आहे. तिथे वीज दिवसरात्र असणे अपेक्षित आहे आणि वेळेचा परिणाम बिलावर होतो. महाराष्ट्रात जुलै 2025 पासून, वेळेनुसार वापर नोंदवणारे मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी 9 ते संध्याकाळी 5 या वेळेतल्या वापरावर युनिटमागे 80 पैशांपासून सवलत सुरू झाली. कारण सौर वीज आहे: उन्हाच्या वेळी ती भरपूर तयार होते आणि सूर्य कलल्यावर, नेमकी मागणी वाढत असताना, संपते. पूर्वी उद्योगांना रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत सवलत असे आणि रात्रीच्या विजेचा लौकिक त्या काळापासून चालत आला आहे. जुने मीटर असेल, तर मात्र पाणी कोणत्याही वेळी तापवा, दर तोच लागतो.

या दोन गोष्टींची गल्लत सर्वांत महाग पडते ती वावरातल्या घरात. पंपाच्या जोडणीवरून टब किंवा गिझर चालवणे हा वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापर आहे आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. तिथे कोणतीही वेळ स्वस्त नाही. अशा घरासाठी स्वतंत्र घरगुती जोडणी घ्यावी, हा माझा आग्रह आहे.

आता सवलतीचा खरा फायदा किती, ते पाहू. हजार लिटरचा टब 20 अंशांवरून 38 अंशांवर न्यायला सुमारे 21 युनिटे लागतात. 3 किलोवॉटच्या हीटरला त्यासाठी सात तास लागतात, म्हणजे सकाळी 9 ला सुरू केल्यास काम 4 पर्यंत आटोपते आणि सतराएक रुपये वाचतात. पाणी मोठ्या प्रमाणात असल्याने ते हळू निवते, आणि झाकण घट्ट बसत असेल तर दुपारची ऊब संध्याकाळी हाताशी असते. रात्रभरात पाणी तीन अंश उतरले, तर ते भरून काढायला साडेतीन युनिटे लागतात. तेही सकाळी 9 नंतरच करावे. टबातले पाणी गाळणाऱ्या पंपाचे रोजचे तासही दुपारीच ठेवावेत.

पंचवीस लिटरच्या गिझरला हाच नियम डोळे झाकून लावू नये. 20 अंशांचे पाणी 60 अंशांवर न्यायला सव्वा युनिटापेक्षा थोडी कमीच वीज लागते, म्हणजे सवलत जेमतेम रुपयाची. पहाटेच्या अंघोळीसाठी पाणी आदल्या दुपारी तापवले, तर बारा-तेरा तासांत टाकीतून उष्णता झिरपते. युनिट 8 रुपयांना पडत असेल, तर एक अष्टमांश युनिट वाया गेले तरी तो रुपया गेलाच. पहाटे अंघोळ करणाऱ्या घराने गिझर पहाटेच लावावा. संध्याकाळी शेतातून आल्यावर अंघोळ करणाऱ्याने सव्वाचारच्या सुमारास.

टायमर बसवताना गावातली लाइन कशी आहे, हे ध्यानात घ्यावे. चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो. दोन तास लाइन नसली तर तो दोन तास मागे पडतो आणि दुपारी 3 ला सुरू होणारा हीटर 5 ला, सवलत संपता संपता, सुरू होतो. आत बॅटरी असलेला डिजिटल टायमर वेळ चुकत नाही. दाब 230 वरून 180 व्होल्टवर उतरला, तर 2 किलोवॉटचा हीटर जवळपास सव्वा किलोवॉटचाच उरतो आणि पस्तीस मिनिटांच्या कामाला तास लागतो. युनिटे साधारण तेवढीच पडतात, पण वेळ 5 च्या पुढे जाते, म्हणून सुरुवात थोडी आधी ठेवावी.