दीड थेंब डिझेल

भाच्याने मोबाइलवर एक क्लिप दाखवली. अमेरिकेतला जुना डॉज पिकअप, मागे वजनाने लादलेली घसरगाडी, आणि धुराचा असा लोट की पलीकडचे प्रेक्षकच दिसेनासे झाले. "मामा, दम बघ इंजिनाचा!" दम होताच, पण तो धुरात नव्हता. काळा धूर म्हणजे हवा पुरली नाही म्हणून अर्धवट जळलेलं डिझेल. पैसे देऊन भरलेलं इंधन काजळी होऊन बाहेर पडतंय, यात मिरवण्यासारखं काय आहे?

इंजिन मात्र मिरवण्यासारखं आहे. कमिन्सचं ६बीटी. पुण्यात कमिन्स म्हटलं की आधी मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज आठवतं, मग कोथरूडचा कारखाना. हे इंजिन तिथलं नव्हे. १९८०मध्ये कमिन्स आणि ट्रॅक्टरवाली केस कंपनी एकत्र आल्या आणि अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या रॉकी माउंटला त्यांनी कारखाना काढला. इंजिन हवं होतं ते शेतीच्या आणि खोदकामाच्या यंत्रांसाठी. एका रांगेत सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास १०२ मिलिमीटर, पिस्टनचा प्रवास १२० मिलिमीटर. गुणाकार केला की ५,८८३ घनसेंटिमीटर. बिडाचा ब्लॉक, सात मेन बेअरिंग, कॅमशाफ्ट फिरवायला पट्टा नाही, साखळीही नाही, थेट गिअर. वजन अर्ध्या टनाच्या आसपास. १९८९ साली हे धूड डॉजच्या पिकअपमध्ये बसवलं तेव्हा ताकद होती १६० अश्वशक्ती. आकड्यात भुलण्यासारखं काही नाही.

मग याच इंजिनातून हौशी लोक ४००-५०० अश्वशक्ती कशी काढतात, तीही मूळ क्रँक आणि मूळ कनेक्टिंग रॉड ठेवून?

उत्तर सिलिंडरांना डिझेल मोजून देणाऱ्या पंपात आहे. १९९४मध्ये डॉजने आधीचा रोटरी पंप काढून बॉशचा पी७१०० बसवला. हा रांगेतला पंप, आपल्याकडच्या जुन्या ट्रकवाल्यांच्या भाषेत 'मायको पंप'च्या घराण्यातला. बॉशने असे पंप १९२७पासून मोठ्या संख्येने बनवायला घेतले, आणि माझ्या मते त्यांच्या आत विसाव्या शतकातली एक फार सुंदर युक्ती लपली आहे.

रंगपंचमीची पिचकारी डोळ्यांसमोर आणा. अशा सहा पिचकाऱ्या ओळीने उभ्या आहेत. खालून कॅम, म्हणजे फिरत्या दांड्यावरचा उंचवटा, प्रत्येक पिचकारीच्या दांड्याला, म्हणजे प्लंजरला, वर ढकलतो. दर वेळी अगदी तेवढंच ढकलतो, कमी नाही, जास्त नाही. मग डिझेल कमी-जास्त होतं कसं? नळीच्या बाजूला एक भोक आहे, त्यातून डिझेल आत येतं. प्लंजर वर जाताना ते भोक झाकतो, त्या क्षणी दाब चढतो आणि नोझलमधून फवारा सुटतो. पण प्लंजरच्या अंगावर एक तिरकी खाच कोरलेली आहे. ती खाच भोकासमोर आली की दाब तिथून निसटतो, फवारा बंद. प्लंजर वर जातच राहतो, पण नुसता. आता प्लंजर स्वतःभोवती किंचित फिरवा. खाच तिरकी असल्याने भोकासमोर तिचा वेगळा भाग येतो, म्हणून दाब लवकर सुटतो किंवा उशिरा. उशिरा सुटला की डिझेल जास्त. सहाही प्लंजर एकदम फिरवायला एकच दांडी, तिला रॅक म्हणतात. ॲक्सिलरेटर आणि इंजिनाच्या फेऱ्यांना लगाम घालणारा गव्हर्नर मिळून ही रॅक पुढे-मागे सरकवतात. पुरती मागे ओढली की प्लंजरवरची उभी खाच भोकासमोर येते, दाब तयारच होत नाही आणि इंजिन बंद पडतं. वीज नाही, सेन्सर नाही. प्लंजर आणि नळी यांच्यात फट आहे ती दोन-चार मायक्रॉनची. केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो.

आता थोडा हिशेब, कंटाळा आला तर परिच्छेद सोडा. मिनिटाला २,५०० फेऱ्यांना १६० अश्वशक्ती काढायला तासाला साधारण ३१ लिटर डिझेल लागतं. चार स्ट्रोकचं इंजिन, सहा सिलिंडर, म्हणजे तासाला साडेचार लाख फवारे. भागाकार केला तर एका फवाऱ्याला ७० घनमिलिमीटर. ड्रॉपरचा थेंब ५०चा धरला तर दीड थेंब. या पंपातला प्लंजर १२ मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे दीड थेंब ढकलायला त्याचा कामाचा प्रवास फक्त ०.६ मिलिमीटर. वहीची सहा पानं! सातवं पान मिळू नये म्हणून पंपाच्या मागच्या बाजूला एक छोटी पोलादी प्लेट असते. रॅकला जोडलेला अडसर तिच्या कडेला टेकला की पुढे वाट नाही. हौशी लोक हीच कड कानशीने घासतात, किंवा प्लेटच काढून टाकतात.

दीड थेंब पुरता जाळायला ०.८५ ग्रॅम हवा हवी. टर्बो, म्हणजे एक्झॉस्टच्या झोतावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, नसता तरी सिलिंडरमध्ये सव्वा ग्रॅमच्या जवळपास हवा मावते, आणि टर्बोने ती जवळजवळ दुप्पट होते. थोडक्यात, कंपनीने बरीच जागा रिकामी ठेवली होती. का, ते १९९६च्या आकड्यांतून कळतं. तेच इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्सबरोबर घेतलं तर २१५ अश्वशक्ती, ऑटोमॅटिकबरोबर १८०. दुबळा गिअरबॉक्स होता, इंजिन नव्हे.

डिझेल वाढवलं आणि हवा वाढवली नाही, की भाच्याची क्लिप तयार होते. म्हणून मोठा टर्बो, मग जास्त फेऱ्यांसाठी गव्हर्नरच्या ताठ स्प्रिंगा, मग व्हॉल्व्हच्या, मग हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, दाबाने उचललं जाऊ नये म्हणून मजबूत स्टड. एकावाचून दुसरं चालत नाही. एक्झॉस्टचं तापमान ७०० अंशांच्या वर रेंगाळलं तर पिस्टन वितळायला लागतो. बाजारात डिझेलच्या पाइपवर लावायची चुंबकं मिळतात, 'रेणू सरळ होतात, ॲव्हरेज वाढतं' म्हणून. डिझेलच्या रेणूंना चुंबकाचं काही देणंघेणं नाही. तेवढ्या पैशांत एअर फिल्टर बदला.

या पहिलवानाचा एक अवयव मात्र हास्यास्पद आहे. टायमिंग गिअरचं कव्हर नीट बसावं म्हणून घातलेली बोटाच्या पेराहून लहान पोलादी पिन. थरथरून ती हळूहळू बाहेर सरकते आणि कधीतरी गिअरांमध्ये पडते. इलाज एवढाच की शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची जीभ बसवून तिची वाट अडवायची.

आपल्याकडे हे इंजिन जमशेदपूरहून आलं. टाटा आणि कमिन्सची भागीदारी १९९३ची. टाटा १६१३ हे नाव उकलून बघा: १६ टन वजन, १३० अश्वशक्ती. तिकडे पिकअपला १६० आणि इथे सोळा टनांना १३०. भाच्याला हा अन्याय वाटला. मला नाही. घाट चढताना तासन्‌तास पूर्ण ताकदीवर चालायचं इंजिन आणि दहा सेकंदांची शर्यत मारायचं इंजिन यांची प्लेट सारखी कशी असेल?

डॉजमध्ये १९९८च्या मध्यात हा पंप गेला, धुराच्या नियमांपुढे इलेक्ट्रॉनिक पंप आला. पण पंप-नोझलच्या दुकानात असा पंप अजून तपासणीच्या बाकावर चढतो. दीड थेंब मोजायचा कसा, हे तिथे बघावं. मिस्त्री एक थेंब मोजतच नाही. सहा काचेच्या मोजनळ्या लावतो, पंप हजार फटके फिरवतो आणि प्रत्येक नळीत ७० मिलिलिटर भरलं का, ते वाकून बघतो. एखादी कमी भरली की त्या प्लंजरला पान्याने इवलासा पीळ देतो, नळ्या उलट्या करतो आणि पुन्हा हजार.