विमानांच्या रिव्हेट-सांध्यांतील शिणवटा

विमानाच्या धडाचे ॲल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने, म्हणजे छिद्रात ठोकून बसवलेल्या खिळ्यांनी, जोडलेले असतात. ताण पुन्हापुन्हा पडून रिव्हेटच्या छिद्राच्या काठाशी भेगा पडतात, त्याला रिव्हेट-सांध्याचा शिणवटा म्हणतात. एका वेळचा ताण पत्रा तोडण्याइतका नसतो. तो हजारो वेळा येतो.

उंचीवर केबिनमध्ये हवेचा दाब राखावा लागतो, त्यामुळे धड आतून फुगते आणि उतरताना सैल होते. एका उड्डाणाचे हे एक चक्र. मुंबई–गोवा असो की मुंबई–लंडन, चक्र एकच. म्हणून धडाचे वय उडालेल्या तासांवरून ठरवणे फसवे. उड्डाणे मोजावी लागतात.

पत्र्याला भोक पडले की त्याच्या कडेला ताण सरासरीच्या सुमारे तिप्पट होतो. एकावर एक चढवलेल्या पत्र्यांच्या लॅप जॉइंटमध्ये ओढ सरळ रेषेत नसल्याने पत्रे वाकतातही, आणि सगळ्यात जास्त भार कडेच्या ओळीतल्या रिव्हेटांवर येतो. रिव्हेटचे डोके पत्र्याच्या सपाटीत बसावे म्हणून छिद्राचे तोंड उतरते कापतात. पत्रा पातळ असेल तर हा उतार आरपार जातो आणि आतल्या बाजूला सुरीसारखी धार उरते. भेग बहुधा तिथेच, दोन पत्र्यांच्या मध्ये सुरू होते. बाहेरून रंग शाबूत दिसतो. सैल रिव्हेट मात्र चुगली करतो. पत्रे एकमेकांवर घासून काळी भुकटी निघते आणि डोक्यामागे वाऱ्याच्या दिशेने तिचा ओघळ उमटतो. रिव्हेट घट्ट ठोकलेला असेल तर त्याचा दांडा फुगून छिद्र भरतो आणि सांध्याचे आयुष्य वाढते.

1954 मध्ये दोन कॉमेट विमाने भूमध्य समुद्रात कोसळल्यावर इंग्लंडमधील फार्नबरो येथे एका कॉमेटचे धड पाण्याच्या टाकीत ठेवून दाबाची चक्रे दिली गेली; ते खिडकीच्या कोपऱ्याशी फाटले. 12 ऑगस्ट 1985 रोजी जपानमध्ये बोइंग 747 विमान कोसळून 520 जण दगावले. 1978 साली या विमानाच्या मागच्या दाब-भिंतीची, म्हणजे केबिनमधली हवा मागे अडवून धरणाऱ्या भिंतीची, दुरुस्ती चुकली होती. जिथे रिव्हेटच्या दोन ओळींनी भार घ्यायचा, तिथे तो एकीवरच आला होता.

मुंबईच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण हवाई बेटांवरचे आहे. 28 एप्रिल 1988 रोजी अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 विमानाचे छत हवेतच उडाले आणि एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. विमान 35,496 तासच उडाले होते, पण उड्डाणे 89,680 झाली होती. म्हणजे एक उड्डाण सरासरी पंचवीस मिनिटांहूनही कमी. खाऱ्या, दमट हवेत पत्र्यांमधली चिकट जोडणी सुटली, गंज शिरला आणि सगळा भार रिव्हेटांवर पडला. सांताक्रूझला उतरणारी विमानेही समुद्राची हवा अंगावर घेतात, त्यात पावसाळ्याचे चार महिने. गंज आणि शिणवटा इथे वेगळे मोजता येत नाहीत.

या अपघातातून दिसलेली गोष्ट कळीची आहे. एकाच ओळीतल्या अनेक छिद्रांना बारीक भेगा असतील, तर त्या अचानक एकमेकींना मिळतात. एकट्या लांब भेगेला रोखणारी रचनाही तेव्हा निकामी ठरते. भेग लहान आहे म्हणून निर्धास्त राहणे म्हणूनच धोक्याचे.

हँगरमध्ये एडी करंटचा प्रोब प्रत्येक रिव्हेटभोवती फिरवून तपासणी होते; हा प्रोब पत्र्यात उलटसुलट वाहणारा विद्युत प्रवाह निर्माण करतो आणि भेगेमुळे त्यात पडणारा फरक टिपतो. खालच्या थरासाठी या प्रवाहाची वारंवारता कमी ठेवावी लागते. 2010 मध्ये अमेरिकेने मोठ्या प्रवासी विमानांच्या रचनेला उड्डाणे व तासांची कमाल मर्यादा घालण्याचा नियम केला. ही मर्यादा ओलांडलेले विमान केवळ तपासणीच्या आधारावर उडवता येत नाही.