आभा जोडलं म्हणून फायली दिल्लीला जात नाहीत

दांडिया बाजारातल्या दवाखान्यांत केव्हापासून एकच ऐकतेय, की आभा जोडलेलं, पेशंटच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर घेतलं की पेशंटच्या सगळ्या फायली सरकारच्या सर्व्हरवर जाऊन बसतात. असं नाहीये हो! आभा म्हणजे फक्त पेशंटच्या आरोग्य-ओळखीचा १४ आकडी नंबर, २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशन या सरकारी योजनेचा, रेकॉर्ड राहतं दवाखान्याच्या किंवा त्याच्या सॉफ्टवेअरवाल्याच्या क्लाउडवरच, आणि दुसऱ्या डॉक्टरला बघायचं असेल तर पेशंटच्या मोबाईलवर परवानगी मागतात, काय दाखवायचं नि किती दिवस ते पेशंटच ठरवतो. सासूबाईंनी परवा फक्त शुगरचे रिपोर्ट दाखवले, बाकी नाहीच. खरी काळजी वेगळी आहे, दोन सॉफ्टवेअर ताडून बघताना हे विचारा, की उद्या सोडलं तर आमचा सगळा डेटा वाचता येईल असा परत देणार का, आणि ते लेखीच घ्या.