‘अ हँडफुल ऑफ ब्यूटी’: शक्तीच्या पहिल्या स्टुडिओ अल्बमआधी काय घडलं

गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन आणि भारतीय वादकांचा संच म्हणजे ‘शक्ती’. शक्तीचा पहिला अल्बम स्टुडिओत झालाच नव्हता. ५ जुलै १९७५ रोजी लाँग आयलंडवरच्या साउथहॅम्प्टन कॉलेजात झालेली मैफलच तबकडीवर आली. पुढच्या वर्षी चौघं लंडनच्या ट्रायडंट स्टुडिओत बसले आणि ‘अ हँडफुल ऑफ ब्यूटी’ तयार झाला.

जॉन मॅकलॉफ्लिन तेव्हा कानठळ्या बसवणाऱ्या इलेक्ट्रिक फ्यूजनसाठी ओळखला जायचा. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसबरोबर वाजवल्यावर १९७१ साली त्याने महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा बँड काढला. त्याच सुमारास तो अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकत होता. व्हायोलिनवादक एल. शंकरही वेस्लियनचेच. कॅलिफोर्नियात तबला शिकवणारे झाकीर हुसेन माहीमचे, उस्ताद अल्लारखांचे चिरंजीव. घटमवर, म्हणजे मातीच्या मडक्यावर, विक्कू विनायकराम. पहिल्या अल्बमवर रामनाड राघवन यांचा मृदंगमही आहे, या अल्बमवर तो नाही. ना ड्रमसेट, ना बेस गिटार. खर्जाचा सगळा भार बायावर, म्हणजे तबल्याच्या डग्ग्यावर, आणि घटमच्या पोटावर.

खरी मेहनत गिटारवर झाली. गिब्सन या गिटार कंपनीसाठी काम करणाऱ्या एब वेक्टरने मॅकलॉफ्लिनसाठी एक अकूस्टिक गिटार घडवलं. नेहमीच्या ६ तारांखालून तिरप्या जाणाऱ्या आणखी ७ तारा. सतारीच्या चिकारीसारख्या त्या मधूनच छेडता येतात, आणि वरच्या तारेवर जुळता स्वर लागला की आपसूक झंकारतात. त्या मिळवायच्या रचनेच्या स्वरांना. एखादी जरी उतरली, तरी चांगली तान गढूळ होते.

दुसरा बदल मानेवर. दोन पडद्यांमधलं लाकूड वाटीसारखं कोरून काढलेलं. त्यामुळे बोट लाकडाला टेकत नाही, तार बाजूला खेचून मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरण, घेता येते. साध्या गिटारवर बोट लाकडावर अडतं, घासतं. पण याची किंमतही आहे. बोटाचा दाब जरा जास्त झाला की तार खोल दबते आणि स्वर चढतो. झपाट्याच्या तानेत प्रत्येक बोटाचा दाब हलका आणि सारखा ठेवावा लागतो, आणि मॅकलॉफ्लिनचा वेग पाहता ही साधना किती कठीण असेल ते वादकालाच कळेल.

पट्टी आधी ठरवावी लागायची, तीही घटममुळे. तबल्याचे गट्टे हातोडीने सरकवून सूर चढवता-उतरवता येतो. घटम मात्र भट्टीतून निघाला की त्याचा सूर ठरला. षड्ज बदलला की मडकं बदलायचं.

तालाच्या हिशेबाची भाषाही एक करावी लागली. उत्तरेत ‘धा धिं धिं धा’, दक्षिणेत ‘तकधिमि, तकिट’. झाकीरभाईंनी कर्नाटकी गणित आत्मसात केलेलं होतं, म्हणून तिहाई, म्हणजे तीनदा वाजवलेला तुकडा, एकत्र समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येते. १६ मात्रांच्या आवर्तनात ५ मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एकेका मात्रेची दोन विश्रांती: बेरीज १७, म्हणजे शेवटचा आघात थेट पुढच्या समेवर. एकाने विश्रांती अर्ध्या मात्रेने लांबवली तरी सम हुकते.

मग स्टुडिओ कशासाठी? मंचावर हे गिटार तबल्यापुढे नाजूक पडतं. माइकचा आवाज वाढवला तर त्यात तबलाही शिरतो. स्टुडिओत माइक जवळ आणून, वादकांमध्ये अंतर ठेवून तोल साधता येतो. म्हणूनच माझ्या मते ते तिरप्या तारांचं गिटार ऐकायला हाच अल्बम घ्यावा, पहिला नव्हे. हेडफोन लावून ‘ला दाँस दु बोनर’ ऐका: सुरुवातीला वाद्यं नाहीतच, तोंडी बोल आहेत, कोन्नक्कोल. ‘इंडिया’ आणि ‘आयसिस’ याच्या दुसऱ्या टोकाला: १२ आणि १५ मिनिटांच्या आसपास, आलापाला मोकळी जागा देणाऱ्या रचना.

१९७७ साली ‘नॅचरल एलिमेंट्स’ आला, तुलनेने आटोपशीर रचनांचा. वर्षभरात हा संच थांबला. शक्तीच्या नावाने पुढचा स्टुडिओ अल्बम ‘धिस मोमेंट’ निघायला २०२३ उजाडलं. त्यात झाकीरभाईंच्या तबल्याबरोबर चेंबूरला वाढलेल्या शंकर महादेवनचा आवाज आहे, आणि घटमवाल्या विक्कूंचा मुलगा सेल्वागणेश.