अनश्रिव्हन

पापाची कबुली देऊन धर्मगुरूकडून क्षमा न मिळालेल्या, विशेषतः तशाच अवस्थेत मरण पावलेल्या ख्रिस्ती माणसाला लावले जाणारे इंग्रजी विशेषण. ‘पापी’ असा त्याचा अर्थ करणे चुकीचे आहे. पाप लहान की मोठे, याबद्दल हा शब्द काहीच बोलत नाही. कबुलीचा विधी राहून गेला, एवढेच सांगतो.

मूळ क्रियापद ‘श्राइव्ह’, म्हणजे कबुली ऐकून क्षमा देणे. जुन्या इंग्रजीत ‘श्रीवान’. ते लॅटिन ‘स्क्रीबेरे’ (लिहिणे) यावरून आले, असे सामान्यतः मानतात. जर्मन ‘श्राइबेन’ याच कुळातले, पण त्याचा अर्थ लिहिणे एवढाच. डॅनिशमध्ये मात्र ‘स्क्रीव्हे’ म्हणजे लिहिणे आणि ‘स्क्रिफ्टे’ म्हणजे पापकबुली देणे, असे दोन्ही धागे टिकले. लिहिण्यावरून ‘नेमून देणे’ आणि त्यावरून ‘प्रायश्चित्त नेमून देणे’ असा अर्थविस्तार झाला असावा. कँटरबरीचे आर्चबिशप थिओडोर (कार्यकाळ ६६८–६९०) यांच्या नावावरील प्रायश्चित्तसंहितेत दारू पिऊन ओकणाऱ्या मठवासीयाला ३० दिवसांचे, तर सामान्य श्रद्धावंताला १५ दिवसांचे प्रायश्चित्त सांगितले आहे. नेमून देणे म्हणजे काय, ते इथे नेमके दिसते.

या व्युत्पत्तीला ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यामुळे अडचण येते. तिथे हेच क्रियापद नियतीने ठरवण्याच्या अर्थानेही येते. घायाळ ग्रेंडेल या राक्षसाचा न्याय परमेश्वर कसा करील, हे सांगतानाही तेच वापरले आहे. म्हणून त्यामागे एखादा मूळचा जर्मानिक शब्द असावा, असाही तर्क केला जातो. परंतु ‘ठरवणे’ हा अर्थ ‘नेमून देणे’ यातून सहज निघतो; त्यामुळे लॅटिन मूळ अधिक ग्राह्य वाटते.

१२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने (रोममधील चर्चसभेने) जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती व्यक्तीला वर्षातून किमान एकदा कबुली बंधनकारक केली. कबुलीवाचून अवचित येणाऱ्या मरणाची धास्ती शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकात थेट भेटते: पत्र आणणाऱ्यांना कबुलीपुरताही अवधी न देता ठार करावे, असे हॅम्लेटने बनावट पत्रात लिहिलेले असते. इंग्लंडमध्ये धर्मसुधारणेनंतर ही सक्ती उरली नाही. शब्द मुख्यतः साहित्यात राहिला.

मराठीत याला एकशब्दी प्रतिशब्द रूढ नाही. ‘प्रायश्चित्त न घेतलेला’ हा पर्याय अपुरा पडतो, कारण त्यात कबुली ऐकणारा धर्मगुरू येत नाही. गोव्यातील कॅथलिकांच्या कोंकणीत या विधीला ‘कुमसार’ म्हणतात. तो शब्द पोर्तुगीजातून आला.