साप चावला की वर दोरी आवळायची? अजिबात नाही

वाळवा-शिराळ्याकडे उसाच्या फडात कुणाला साप चावला की आजही पहिली हाक येते, ‘दोरी आण, वर आवळ, विष चढायचं नाही.’ विष चढतंच. ते बरंचसं लसिकावाहिन्यांतून (अंगातला पाणीदार द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून) पसरतं आणि स्नायू हलले की वेग घेतं. म्हणून हात-पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा (बांधायचं ते रक्त न अडवता), माणसाला चालवायचं नाही, अंगठी-जोडवी सूज यायच्या आत काढायची आणि १०८ ला फोन.

आवळलेल्या दोरीनं फक्त रक्त अडतं. घोणशीचं विष आधीच मांस सडवतं, त्यात ही भर. पाय गमवायची वेळ येते. कुणी बांधलंच असेल तर वाटेत झटकन सोडू नका, अडलेल्या रक्तातलं विष एकदम अंगात जातं. ते दवाखान्यात, प्रतिविष (विषावरचं इंजेक्शन) हाताशी ठेवून सोडतात.

मण्यारीचा दंश बहुधा दुखत नाही, सुजतही नाही. पापण्या जड झाल्यावर कळतं. ब्लेडनं कापणं, चोखणं, मांत्रिक, यांवर बोलण्यात वेळ घालवत नाही. साप मारून पिशवीतून आणायचीही गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांवर आपल्याकडे एकच प्रतिविष आहे. विषाचा रक्तावर परिणाम झालाय का हे कळायला, रक्त गोठतंय का, ते डॉक्टर काचेच्या कोरड्या नळीत २० मिनिटं ठेवून बघतात.