वाट कोण मोकळी करतं?

अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये बॉइझी स्टेट विद्यापीठाचा अ‍ॅश्टन जेंटी २०२४ च्या मोसमात चेंडू घेऊन २,६०१ यार्ड धावला. बॅरी सँडर्सचा १९८८ चा, एका मोसमातल्या २,६२८ यार्डांचा विक्रम थोडक्यात हुकला. पुढच्या एप्रिलमध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ पाळीपाळीने कॉलेजचे खेळाडू निवडतात तेव्हा, लास व्हेगस रेडर्सनी त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं आणि अमेरिकन फुटबॉलमधला जुना वाद पुन्हा पेटला. कॉलेजात इतका धावलेला रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा गडी, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये चालेल का?

हा वाद ड्राफ्टइतकाच जुना आहे. १९३६ साली फिलाडेल्फियात झालेल्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिलं नाव पुकारलं गेलं ते शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरचं. तोही चेंडू घेऊन धावणाराच. मानधनाचं जमलं नाही आणि तो एनएफएलचा एकही सामना खेळला नाही. पुढे ओहायो स्टेटच्या आर्ची ग्रिफिनने कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा हाइझमन करंडक १९७४ आणि १९७५ असा दोनदा जिंकला. हे आजवर दुसऱ्या कुणालाच जमलेलं नाही. सिनसिनाटी बेंगल्सकडून मात्र सात मोसमांत मिळून त्याचे तीन हजार यार्डही झाले नाहीत.

माझ्या मते या वादाचं खरं मर्म १९९५ च्या ड्राफ्टमध्ये आहे. पेन स्टेटच्या की-जाना कार्टरसाठी बेंगल्सनी सौदा करून पहिला क्रमांक मिळवला. सरावाच्या पहिल्याच सामन्यात, तिसऱ्यांदा चेंडू हातात आला तेव्हा त्याचा गुडघा गेला. त्याच ड्राफ्टमध्ये १९६ व्या क्रमांकावर डेन्व्हर ब्रॉन्कोसनी जॉर्जियाच्या टेरेल डेव्हिसला घेतलं होतं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मांडीच्या दुखापतीने बेजार झालेला हा मुलगा सराव सामन्यांसाठी संघाबरोबर टोकियोला गेला, तेव्हा सगळं सोडून घरी परतायचा विचार करत होता. तिथे किकऑफनंतर चेंडू घेऊन येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला त्याने असा काही आडवा केला की प्रशिक्षकांची नजर त्याच्यावर खिळली. तीन वर्षांनी, १९९८ च्या मोसमात, तो २,००८ यार्ड धावला.

डेव्हिस मोठा खेळाडू होताच, पण त्याच्यापुढे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स गिब्स यांनी घडवलेली, प्रतिस्पर्ध्यांना अडवून वाट काढणाऱ्या पाच जणांची फळीही होती. ते पाचही जण एकाच वेळी एका बाजूला सरकत. धावणाऱ्याने दम धरायचा, फट दिसली की एकदाच वळायचं आणि घुसायचं. १९९९ मध्ये डेव्हिस जखमी झाला, तर नवखा ओलँडिस गॅरी हजारावर यार्ड धावला. २००० मध्ये सहाव्या फेरीतून आलेल्या माइक अँडरसननेही तेच केलं.

कॉलेजचे आकडे फसवतात ते इथेच. बलाढ्य कॉलेजची फळी दुबळ्या संघांविरुद्ध दरवाजाएवढी वाट काढते, एनएफएलमध्ये मिळते ती फट, तीही क्षणभर. मैदानाच्या आखणीनेही फरक पडतो. चेंडू ज्यांच्या आधाराने ठेवतात त्या हॅश खुणांमध्ये कॉलेजात ४० फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये जेमतेम साडेअठरा. कॉलेजात चेंडू कडेच्या खुणेवर असला की एका बाजूला प्रशस्त जागा मिळते आणि वेगवान गडी कडेने निसटतो. एनएफएलमध्ये चेंडू जवळजवळ मध्यावरच असतो, त्यामुळे ती मोकळीक मिळत नाही.

संघ यातून पोळले. अलाबामाच्या ट्रेंट रिचर्डसनला क्लीव्हलंड ब्राउन्सनी २०१२ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि दुसऱ्याच मोसमात, सप्टेंबरमध्ये, दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. २०१३ आणि २०१४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक गेला नाही.

वारं फिरवलं ते सेक्वान बार्क्लीने. न्यूयॉर्क जायंट्सनी २०१८ मध्ये त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं, पण तिथली सहा वर्षं दुखापती आणि पराभवांत गेली. २०२४ मध्ये तो फिलाडेल्फिया ईगल्सच्या भक्कम फळीमागे आला, २,००५ यार्ड धावला आणि सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकला.

जेंटीला घेणाऱ्या रेडर्सचे त्याच २०२४ च्या मोसमातले धावण्याचे यार्ड अख्ख्या लीगमध्ये सर्वांत कमी होते.